ताव

गाड्या लावायच्या मैदानामागं
दोन धुराडी उभी आहेत,
चाळीसेक वर्षं धूर न सोडलेली.
"हेच," वृंदा म्हणाली, "यासाठी सुट्टी टाकलीय मी."
स्वान्झीला लोक समुद्र बघायला येतात.
मी तांबटाची बायको,
तांबं कुठून यायचं ते बघायला आले.

नदीचं नाव तिनं दोनदा सांगितलं,
मला दोन्ही वेळा *ताव* असंच ऐकू आलं.
एक ताव कमी पडला की हंड्याचा गळा चिरतो,
एक जास्त झाला तर पत्रा रुसतो, असं हे म्हणायचे.
पाणी मात्र गार, ओहोटीचं.
चिखलात दुकानातली एक ढकलगाडी, उताणी.

माहिती सांगायला इद्वल नावाचे म्हातारे गृहस्थ,
दोन्ही कानांत यंत्रं.
वृंदा सारखी माझी बाही ओढत होती:
आई, हळू. आई, सगळे बघतायत.

हळू कसं बोलतात ते मी विसरलेय गं.
एकतीस वर्षं ज्याच्याशी बोलले
त्याचे कान त्याच्याच हातोडीनं खाल्ले होते.
दिवस राहिल्याचं, तुझं,
तेसुद्धा मी ओरडून सांगितलं होतं;
आळीनं आधी ऐकलं, यांनी मागाहून.

इद्वल हसले. वृंदानं सांगितलं काय म्हणाले ते:
आज सकाळपासून एवढ्या माणसांत
या बाईंचाच आवाज नीट पोचला.
सतराव्या वर्षी पत्रा लाटायच्या खात्यात लागले होते.
लाटायच्या! मी हातानं पोळी लाटून दाखवली.
हो हो, म्हणाले, तस्संच. फक्त लाल.

मग वाफेच्या इंजिनाचं चाक, घरापेक्षा उंच.
भिंतीतून उगवलेली जांभळ्या तुऱ्यांची झुडपं.
त्या धुरानं शंभर वर्षं
टेकडीवर गवताचं पातं उगवलं नव्हतं म्हणे.

नदीपलीकडं बोट दाखवून ते काहीतरी बोलले.
वृंदा गप्प.
काय म्हणतायत?
काही नाही.
सांग.
तिथं कडी ओतायचे, आई. हातातली कडी.
ती जहाजातनं आफ्रिकेला जायची,
आणि त्यांच्या बदल्यात माणसं.

मी चिंच आणि मातीनं
किती भांडी उजळली असतील आयुष्यात.
अंगठ्याखाली काळं जातं, गुलाबी वर येतं,
तेव्हा वाटायचं, तांब्याइतकं निर्मळ काही नाही.
सासऱ्यांच्या बंबाचा पत्रा विलायती होता.
इथनंच आला असेल का?
कोण सांगणार. पत्र्याला विचारायची सोय नाही,
आणि ज्यांना विचारलं असतं
ते आता ऐकत नाहीत ते वेगळ्या कारणानं.

शेवटी त्यांनी नव्या काचेच्या दारातून आत नेलं.
त्याच जुन्या इमारतीत आता दारू गाळतात,
तांब्याच्या भांड्यांत!
दोन पुरुष उंचीची, पोट सुटलेली, मान लांब.
सांधा मी आधी बघितला. यंत्राचा. चांगला होता, पण यंत्राचा.
एकही मठार नाही अंगावर,
देवी न आलेल्या बाळाच्या गालासारखं.

हात लावू नका, अशी पाटी.
मी इद्वलकडं बघितलं.
त्यांनी आधी दाराकडं बघितलं, मग मान हलवली.

मी टिचकी मारली, मडकं बघतात तशी.
भरलेलं होतं. आवाज जाड आला,
खाली बसला.
इद्वलना तो ऐकू गेला नसणार.
ते पलीकडच्या बाजूला गेले,
तांब्यावर सबंध पंजा टेकवला
आणि बोटानं खूण केली:
पुन्हा.

मी पुन्हा मारली.
त्यांनी डोळे मिटले.
पुन्हा.

"बस सुटेल," वृंदा म्हणाली,
हळू.