सुस्कारा

मी नेलिदा. वरच्या स्टेशनातल्या खिडकीत बसते.
वाल्पाराइसोच्या या टेकडीवर
तारेनं ओढलेला लाकडी डबा खालून वर येतो,
वरून खाली जातो.
दहा माणसं, सव्वा मिनिट, शंभर पेसो.
एवढ्याशा वेळात माणूस माणसाला किती छळेल,
असं तुम्हाला वाटेल.
तुम्ही कधी खिडकीत बसला नाहीत.

त्या ओफेलियाबाई. रांगेत दहा मिनिटं उभ्या,
धुक्याकडे बघत, बंदरातल्या क्रेनकडे बघत,
पुढच्याच्या कोटाचं कापड दोन बोटांत धरून पारखत,
आणि माझ्यासमोर आल्यावरच त्यांना आठवतं
की जगात पैसे नावाची एक चीज असते.
मग पिशवीत पिशवी, तिच्यात पाकीट, पाकिटात रुमाल,
रुमालातून निघते वीस हजारांची नोट.
इस्त्री केलेली.

डबा आला की आतल्यांना आधी उतरू द्यावं.
भरल्या माठात पाणी ओतू नये
इतकीच अक्कल लागते त्याला.
तरी रोज दाराशी तीच झोंबाझोंबी,
दोन पोटांच्या मधे एक छत्री आडवी,
आणि कुणीतरी 'माफ करा' म्हणतो
अशा सुरात, की माफी आपणच मागावी.

बेनिसियो उभ्याउभ्या हॉटडॉग खातो.
अ‍ॅव्होकाडोचा हिरवा लगदा आधी बाकावर,
मग कुणाच्या तरी लोकरी स्कर्टवर.
तो शांतपणे बोट चाटतो
आणि त्याच बोटानं दाराची पितळी कडी ओढतो.
ती कडी संध्याकाळी मी पुसते.

दुपारी शाळा सुटते. पोरांच्या फोनमधून
एकाच गाण्याचे पहिले अकरा सेकंद,
पुन्हा पहिले अकरा सेकंद.
काल एक गृहस्थ फोनवर ओरडत होते,
मेहुणीच्या पित्ताशयातले खडे
अख्ख्या रांगेनं मोजले त्यांच्याबरोबर.
आणि ऑपरेशनचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात
दार लागलं, डबा खाली गेला.
कशाचा राग जास्त आला, मला अजून ठरवता येत नाही.

खरं सांगू? रीत कळते ती एका पिवळ्या भटक्या कुत्र्याला.
उतरणाऱ्यांना उतरू देतो, मग चढतो,
शेपूट आवरून कोपऱ्यात बसतो.
तिकीट काढत नाही, पण ते जाऊ द्या.

गेल्या मंगळवारी तक्रारवही उघडली.
खिळ्याला टांगलेली असते, कुणी हात लावत नाही,
मीच तिच्यावर चहाचा कप ठेवते.
कपाच्या गोल डागाच्या आत, बारीक पेन्सिलीत:
'खिडकीतली बाई प्रत्येक माणसामागे
एक सुस्कारा सोडते. नाकातून.
सोमवारी मी मोजले. एकेचाळीस.'

एकेचाळीस!
आधी कान तापले. मग वाटलं,
ही मोजणारी व्यक्ती माझ्याच रक्ताची असणार.
बाकावर बसून, चढायचं सोडून,
दुसऱ्याचं नाक ऐकत बसायचं,
आमच्या घराण्याबाहेर कुणाला जमेल?

आता मी सगळ्यांची अक्षरं आठवते.
बोटांवर पेन्सिलीचा शिसवी डाग शोधते.
ओफेलियाबाई? त्यांना आकडे नकोसे असतात.
डॉन आन्सेल्मो? त्यांना ऐकू येत नाही,
निदान ते तसं म्हणतात.

आज सकाळपासून श्वास आवरून धरलाय.
तोंड मिटलेलं, ओठांवर हसू चिकटवलेलं.
तिसऱ्या फेरीला आन्सेल्मो वाकून म्हणाले,
'नेलिदा, बरं नाही का? आज आवाज नाही तुझा.'
कुठला आवाज, विचारणार होते,
पण मागून पिशवी उघडल्याचा आवाज आला,
पिशवीतली पिशवी, पाकीट, रुमाल.

मी छताकडे पाहिलं. कुत्र्याकडे पाहिलं.
नोट सरकली खिडकीखालून,
कोपरे ताठ, अजून कोमट.

एक.