आभाळावर रुमाल

सतनामकौर शिलेदार भर दुपारी दुकानात आल्या,
ओढणीच्या टोकात मोबाईल गुंडाळलेला.
"पत्तेवार, तिकीट मेलं म्हणायलेत.
तिकीट कसं काय मरतं?"

मी संगणक त्यांच्याकडं वळवला.
नांदेड ते हैदराबाद, जिवंत.
हैदराबाद ते सिडनी, मध्ये सिंगापूर, तेही जिवंत.
फक्त शेवटचा तुकडा,
सिडनीहून त्या गावापर्यंतचा,
ज्याचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही
आणि जिथं त्यांचा हरमीत द्राक्षांचा ट्रक चालवतो,
तेवढा लाल.

म्हटलं, मावशी, तिसरी कंपनी निघाली होती, नवी.
भाव पाडला. लोक चढले.
पैसे संपले, विमानं जागेवर उभी.
आता दोघीच उरल्यात,
आणि मी सकाळपासून बघायलोय,
एकीचा दर तीनशे ऐंशी डॉलर,
दुसरीचा तीनशे एकोणऐंशी.

"हा एक डॉलर कशाचा?"
लाजेचा असेल, म्हणालो.

"मग चौथी का निघंना?"
निघाली तरी उतरणार कुठं, मावशी?
सकाळच्या चांगल्या वेळा या दोघींच्या नावावर.
लोक तिकडं बोलतात की
वेळ धरतात, ऐनवेळी विमान रद्द करतात,
वेळ मात्र सोडत नाहीत.

त्या हसल्या. वरचा एक दात नाही त्यांना.
"म्हंजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायलेत.
अन् गाडीत चढायचंच नाही!"

रुमाल.
मी उगाच कीबोर्ड पुसला.

समोर मुजाहिदचं दुकान. मध्ये फक्त रस्ता आणि उसाचा गाडा.
बारा वर्षं आम्ही एकमेकांकडं बघितलं नव्हतं.
मग त्याच्या शेजारी दिगंबर उत्तरवारनं शटर उघडलं,
काचेवर विमानाचं स्टिकर, तिकिटामागं पन्नास रुपये.
त्या संध्याकाळी मुजाहिद पहिल्यांदा रस्ता ओलांडून आला.
चहा झाला. काही ठरलं नाही.
खरंच, शब्दानं काही ठरलं नाही.
दुसऱ्या दिवशी मी तीस केले, त्यानं वीस,
मग दोघांनी शून्य,
अख्खा लग्नाचा हंगाम पदरमोड करून.

दिगंबर आता देगलूरला सासऱ्याच्या दुकानात
तेलाचे डबे मोजतो.
त्याच्या जागी मोबाईलची कव्हरं लटकतात,
स्टिकर मात्र कुणी खरवडलं नाही,
शेपूट तेवढी उन्हानं उडालीय.
आमचा दर अडीचशे झाला. दोघांचाही.
तेव्हाही शब्द नव्हता. चहा होता.

आपल्या विमानतळाचंही तेच नाही का,
कुणी येतं, फुलं उधळतं, फोटो काढतं,
तोट्यात जातं, निघून जातं,
मग महिनोन्‌महिने त्या गवतात टिटव्या अंडी घालतात
आणि मी गिऱ्हाइकाला हैदराबाद सांगतो.
तेव्हा केवढा चिडतो मी!
कंपन्यांना वाट्टेल ते बोलतो.

"ट्रकनं येतो म्हणला हरमीत," त्या म्हणाल्या.
"सातशे किलोमीटर हाय म्हणं. रात्रीतून येतो.
शेवटचा तुकडा काढून टाका."

तुकडा काढला. परतीचे पैसे कधी मिळतील
ते मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं.
पावती फाडताना सेवाशुल्काच्या रकान्याशी
पेन थांबला.
मी शून्य लिहिलं.

त्या जिना उतरून गेल्या असतील नसतील,
रसवाल्याला पावती दाखवली असेल की काय कोण जाणे,
माझा फोन वाजला.
काचेपलीकडं मुजाहिद उभा, कानाला मोबाईल,
नजर थेट माझ्यावर.

"पत्तेवार," तो अगदी हळू म्हणाला,
"चहा घ्यायचा का?"