पार्किंगमधली घागर

लिफ्टमध्ये चार भाषांतला कागद चिकटला होता:
शुक्रवारी संध्याकाळी गाड्या हलवा,
पार्किंगमध्ये रहिवाशांचा कार्यक्रम आहे.
हिंदी ओळीत कुणीतरी कलेचा काला करून टाकलेला.
दुरुस्त करायला पेन काढलंही मी,
मग म्हटलं, असू दे, बरोबरच आहे.

मुहर्रकमध्ये आठ वर्षं झाली.
शेजारी मला वासावरून माहीत, नाहीतर आवाजावरून.
खालच्या मजल्यावर सुकी मासळी तळणारी मारिविक,
समोरचा सुदानी हिशेबनीस, पहाटे खोकणारा,
आणि भिंतीपलीकडचा तो,
ज्याचं तोंड पाहिलं नाही, फक्त मूठ ओळखते.
निनाद रात्री गुणगुणायला लागला
की भिंतीवर तीन ठोके.

निनाद. केवढ्या हौसेनं ठेवलं नाव.
अकरा वर्षांचा झाला, बोलत नाही.
आवाज चावतात त्याला,
म्हणून कानांवर कायम निळे हेडफोन.
मी न्यायला नकोच म्हणत होते.
प्रयोगशाळेतली शिफ्ट संपवून आलेली, पाय दुखत होते.
तोच बूट घालून दाराशी उभा राहिला,
उजवा डाव्यात.

खाली पार्किंगचे पिवळे पट्टे तसेच होते,
आणि बावीस नंबरच्या जागेत चक्क सतरंजी.
धनबीर वॉचमन भिंतीवर डोंगर रंगवत होता,
एकच डोंगर, पुनःपुन्हा, पांढरा संपेपर्यंत.
मारिविक बांबूंमधून उड्या मारत नाचली,
घोट्याला लागलं, शिवी दिली, पुन्हा नाचली.
चहाचा थर्मास कुणाचा होता
ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मग चार म्हातारे आले, पांढऱ्या झग्यांत.
बू राशिदच्या बापानं समुद्रातून मोती काढले,
यानं स्वतः जन्मभर ॲल्युमिनियम वितळवलं.
समोर मातीची घागर, तिच्या तोंडावर तळवा मारायचा,
बाकीचे घशाच्या तळातून हुंकार धरायचे,
लांब, जाड,
खोल पाण्यात काहीतरी कूस बदलतंय असा.

मी ते ऐकलं होतं.
इथे नाही. गुहागरला, आश्विनातल्या अष्टमीला.
उकडीच्या मुखवट्याची देवी बसलेली,
घागर आधी उदाच्या धुरावर धरायची
(ऊद हा शब्द त्यांचाही निघाला, आमचाही)
आणि आत्या फुंकायची, पदर खोचून,
फेर धरत, घामानं कुंकू ओघळेपर्यंत.
लग्नाच्या पहिल्या वर्षी मीही फुंकली होती.
दुसऱ्या वर्षी विमानात बसले.

कसं मागितलं आठवत नाही.
अरबी माझी रक्ताच्या नमुन्यांपुरती:
हात पुढे, मूठ आवळा, झालं.
बू राशिदनं घागर दिली, जरा घाबरतच, फुटेल म्हणून.
पहिल्या फुंकेला नुसती हवा गेली.
पोरं हसली. हिशेबनीस खोकला.
दुसऱ्या फुंकेला
घागर बोलली.

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं
आणि आपला हुंकार खाली ओढून
माझ्या घागरीखाली सरकवला,
डुगडुगत्या टेबलाखाली घडी घातलेला कागद सरकवतात तसा.

निनादनं हेडफोन काढले नाहीत.
सगळे नंतर विचारत होते, काढले का, काढले का.
नाही काढले.
त्यानं दोन्ही तळवे घागरीच्या पोटावर ठेवले
आणि मला श्वास पुरेनासा झाला तरी
उचलले नाहीत.

शनिवारी सतरंजीवर पुन्हा गाडी.
म्हणजे सतरंजी खालीच राहिली होती,
धनबीरनं ओढून काढली, टायरचे ठसे सकट.

रात्री दीडला निनाद गुणगुणायला लागला,
तोच हुंकार, जरा वरच्या पट्टीत.
मी उठून दिवा न लावता वाट पाहत बसले.
भिंतीवर ठोके पडले.
तीन नव्हते. थांबून थांबून, सात की आठ.

तक्रार होती की ताल,
अजून विचारलेलं नाही.