भाडं कोणी भरलं

सावद्याला, बऱ्हाणपूर रस्त्यावर,
केळीची पानं अंथरलेल्या ट्रकांच्या रांगेत
नबाब तडवींचं गॅरेज.
बारावी सायन्स अर्ध्यात सोडून मी तिथे
पाने पुसायला लागलो, लोखंडाचे,
तर त्यांनी पहिल्या दिवशी वही दिली.
"शब्द लिही आधी. शब्द चुकला की बोट जातं."

पहिला शब्द सेल.
लोणच्याच्या बरणीएवढा डबा,
आत स्टेनलेसच्या सात प्लेटी,
दोघींच्या मध्ये रबराची एक चकती,
शेजारी राहायचं पण टेकायचं नाही.

मग इलेक्ट्रोलाइट.
नुसतं पाणी वीज न्यायला आळस करतं,
म्हणून त्यात कॉस्टिक पोटॅश, मोजून.
मीठ चालेल का, मी विचारलं.
शेवभाजीत साखर मागितल्यासारखं
त्यांनी माझ्याकडे बघितलं.
मिठाने क्लोरिन सुटतो, छाती जाळतो.
वहीत तांबड्या शाईने : मीठ नाही.

ऋणाग्र, काळी तार. तिथे हायड्रोजन,
बारीक, भरभर, थांबायचं नाव नाही.
धनाग्र, लाल तार. तिथे ऑक्सिजन, निम्मा.
"दोनास एक. हा हिशेब
पाण्याने अजून कुणाशी मोडलेला नाही."

मधल्या पाच प्लेटींना तारच नाही.
त्या न्यूट्रल.
एका अंगाने धन, दुसऱ्या अंगाने ऋण.
घरी तेव्हा काका आणि बाबांची वाटणी चालली होती,
हा शब्द मला समजावावा लागला नाही.

बबलर म्हणजे वाटेत उभी पाण्याची बाटली.
आग उलटी फिरली तर इथे बुडून मरते.
उस्ताद तिची पातळी रोज बघत,
स्वतःची शुगर बघायच्या आधी.

चैत्रात चुडामण नेहेते आले.
दिल्लीला केळी नेणारे चार ट्रक,
डिझेलच्या पावत्यांनी फुगलेला खिसा.
"काय भो नबाब, पान्यावर गाडी चालीन?"

उस्तादांनी नुसत्या हायड्रोजनची ज्योत पेटवली.
उन्हात ती दिसेना.
तिच्यावर गार पाण्याचा पेला धरला
तर पेल्याच्या बुडाला घाम आला.
"हे पाह्य शेठ, आलं घरी.
पानी जयत नही. पानी म्हंजे जयून उरलेली राख.
तिले फोडली, पुन्हा जायली,
येनं-जानं झालं.
आता सांग, भाडं कोनी भरलं?"

शेठ पेल्याकडे बघत राहिले.
मी लिहिलं : भाडं म्हणजे अँपिअर.
अँपिअर बॅटरीचे, बॅटरी अल्टरनेटरची,
अल्टरनेटर पट्ट्यावर, पट्टा इंजिनावर,
इंजिन डिझेलवर.

"तरी बसव," नेहेते म्हणाले, "थोडं तर वाचीन."
तेव्हा उस्तादांनी माझा पेन घेऊन
स्वतःच्या अक्षरात लिहिलं : पूरक.
खाली : कळण्याची भाकर नव्हे, तिच्यावरचा ठेचा.
ठेचा किती लागू पडेल ते त्यांनी लिहिलं नाही.

महिन्याने ट्रक आला.
लिटरला चार पूर्णांक एक होते,
आता चार पूर्णांक चार.
नेहेते पेढे ठेवून घाईने लिलावाला गेले.
आम्ही सेल उघडला.
पाणी भरलं होतं त्याच खुणेवर.
फ्यूज जळलेला, आतून काळा,
कदाचित बऱ्हाणपूरच्या अलीकडेच.
एकही बुडबुडा दिल्लीपर्यंत गेला नव्हता.

ड्रायव्हर इक्बाल पिंजारी टायरला टेकून उभा होता.
"काय केलं रे तू?"
"काही नाही उस्ताद. शेठनं मशीन लावलं,
रोज आकडा विचारतात,
म्हणून साठच्या वर नेलीच नाही.
उतारावर पाय काढून घ्यायचो."

उस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत.
अर्धा पेढा मला दिला, अर्धा इक्बालला,
फ्यूज खिशात टाकला
आणि नेहेतेंना फोन लावला.
रिंग वाजत होती तेव्हा
वहीकडे बोट दाखवून म्हणाले, लिही,
पूरकच्या खाली जागा आहे.

मी लिहिलं :
इक्बालचा उजवा पाय.