शेरा

पहिल्या फॉर्मात तेवीस रकाने होते.
मी मोजले नव्हते, इनायतमामूंनी मोजले,
वजनकाट्याच्या खोलीत, चष्मा कपाळावर ढकलून,
कट्टे मोजतात तसे: दोन-दोन, ओठ न हलवता.

उदगीर. डाळमिलचं मागचं फाटक. फेब्रुवारी,
दिव्याभोवती तुरीचा भुसा.
बाहेर आठ गाड्या, इंजिनं चालू,
आणि माझा फॉर्म म्हणतोय, आडनाव टाका.
ड्रायव्हर म्हणतोय, बिज्जू. नुसतं बिज्जू.
लाल तारा हटेना.
मामूंनी आडनावाच्या जागी 'गाडीवाला' लिहिलं
आणि रांग पुढे सरकली.

(हे सगळे रकाने बाहेतीशेटना हवे होते.
मीही हो म्हणाले. रकाना वाढवायला
मला दोन मिनिटं लागतात.
भरायला किती लागतात, ते माझ्या बिलात नव्हतं.)

महिन्याने नोंदी उघडल्या.
चारशे बारा गाड्या, मोबाईल नंबर एकच.
मी चिडूनच गेले. मामू म्हणाले,
"माझाच हाय की नंबर.
पावती हरवली की मलाच फोन करूलालेत लोकं,
तुझ्या कम्प्युटरला न्हाई."

मग स्टूल ओढलं. एक रात्र बसले,
हात आधी कुठे जातो ते बघत.
गाडीचा नंबर. भरलेलं वजन. मग थांबा,
कारण गाडी आत जाते, रिकामी होते, चहा होतो,
कधी ओलीवरून भांडण होतं
(दोन दाणे दाताखाली: "बारा टक्के."
यंत्र म्हणालं, अकरा पॉइंट आठ).
त्यानंतर रिकामं वजन.
नाव सगळ्यात शेवटी, पावती फाडताना.
माझ्या फॉर्मात नाव सगळ्यात वर होतं,
लग्नपत्रिकेसारखं.

सकाळी खोडायला बसले.
पिनकोड गेला. ईमेल गेला.
ईमेलपाशी मामूंनी दर गाडीला एक टिंब दिलं होतं,
चारशे बारा टिंबं,
वाफ्यात मेथी पेरल्यासारखी.
तारीख यंत्राला माहीत असते, विचारायची कशाला?
आणि भरल्यातून रिकामं वजा करायचं काम
मी माणसाला लावलं होतं, रात्रपाळीच्या माणसाला.
त्याची लाज वाटली.
अक्षर मोठं केलं. तूर, हरभरा, मूग, तीन बटणं.
उडीद चौथं, शेटनी फोनवर आठवण केली म्हणून.
सात रकाने उरले.

जुन्या लाल वहीत कडेला आणखी एक असायचा.
मामू त्याला शेरा म्हणायचे.
तो आठवा. तारा नाही, सक्ती नाही.
"हे कशाला?" शेट म्हणाले, "रिपोर्टात तर येत नाही."
म्हटलं, असू द्या.

मार्चअखेर. बहुतेक शेरे रिकामे.
एका गाडीपुढे: ताडपत्री फाटकी.
एका: सुतळी आपली दिली, परत आली नाही.
आणि अकरा तारखेला, पहाटे तीन-दहाला,
दोन वजनांच्या मधे:
ड्रायव्हर दोन रात्रींचा जागा. काट्यावरच झोपला. मागची गाडी थांबवली. उठवलं ना

तिथे तुटलं होतं.
रकान्याला मीच पंचाहत्तर अक्षरांची मर्यादा घातली होती.

पुढे काय लिहायचं होतं ते मामूंना विचारलं नाही.
मर्यादा दोनशे केली.