तळ

फळ्या उचकटल्या तेव्हा
आतला फोम निघाला भिजल्या भाकरीसारखा,
पिळला तर अजून तापीच गळत होती.
"तरीच जड. पोटमा पानी शे," उखर्डूमामा म्हणाला.

मधली तुळई नखानं खरवडली.
लाकूड नव्हतंच,
काचेचं कातडं तेवढं उभं.
आत पेन्सिलची एक फुली. त्याचीच.
अकरा वर्षांपूर्वी, कंत्राटदार घाईत असताना,
कुजक्यावरच नवा प्लाय ठोकला होता.
काही बोलला नाही. ग्राइंडर मागितला.

सारंगखेड्याच्या पुलाजवळ, पत्र्याच्या सावलीत
केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले,
नावेच्या पोटाला लावून लावून साचे केले.
रेझिन पहाटे चारला कालवायचं;
आठनंतर डबा हातातच उकळतो, मे आहे.
मॅट, ब्रश, पुन्हा मॅट,
रोलरनं बुडबुडे हाकलायचे.
रात्री कोपरापर्यंत खाज,
आई खोबरेल चोळते आणि ओरडते.

प्रत्येक तुळईच्या बुडाशी
मामानं करंगळीएवढं भोक ठेवलं.
"पानी ते यीच. त्याले वाट जोयजे."

आज त्यानं गुडघ्यांवर रांगत
मुठीनं सगळा तळ वाजवला.
एका जागी थांबला,
पुन्हा वाजवलं,
कान लावला.