मधला माणूस

सकाळी सव्वासातला मारवडहून फोन.
'भाऊ, लाल उनं. वाईट शे का?'

बागुल लॅबचा नंबर रविवारी
माझ्या मोबाइलवर वळवलेला असतो
आणि मला रक्तातलं काही कळत नाही.
मी अमळनेरला, दगडी दरवाज्याजवळ,
जिन्याखालच्या खोलीत लॅबचा सर्व्हर सांभाळतो.
त्याला उन्हाळ्यात ओलं गोणपाट, हिवाळ्यात उंदीर.

रिपोर्ट कुणाचा, विचारलं.
ती नाव घेईना. यांचा, म्हणाली,
आणि पावतीवरचा नंबर एकेक आकडा सुटा करून सांगितला.
माझ्या पडद्यावर उमटलं : दगा उखर्डू पाटील, किडनी.
तिच्या फोनवर त्याच वेळी लाल पट्टी :
कुणीतरी तुमची माहिती चोरत असेल.
तिला वाटलं, हाच निकाल.

'नही मावशी, ते यंतरनं दुखनं शे.
त्यास्नं नही.'

घड्याळ पाहिलं, बरोबर.
नाव पाहिलं, जुळत होतं.
दाखला मात्र शनिवारी रात्रीच मेलेला.
नव्वद दिवसांचं त्याचं आयुष्य,
आणि नवा आपोआप यावा
असा बंदोबस्त मीच केलेला.
लॉग उघडला. महिनाभर, दिवसातून दोनदा,
तपासायला आलेला माणूस
ऐंशी नंबरच्या दारावर थाप देऊन
ओ न मिळता परत गेलेला.
दार कुणी लावलं?
मीच. फेब्रुवारीत. चोरांच्या भीतीनं.

किलकिलं केलं.
अकरा सेकंदांत नवा दाखला आला,
माझ्या लॅपटॉपवर कुलूप दिसलं.
तिच्या फोनवर लालच.

नवखा पोरगा गावात आला
की पिठाच्या गिरणीवर विचारतात, 'कोना शे रे तू?'
तो आज्याचं नाव सांगतो.
आज्याला गिरणीवाला ओळखतो,
पण आज्याला पोरं पाच,
त्यातल्या कुणाचा तू?
तिथं पोरगा गप्प.
माझा दाखला तसाच उभा होता,
मधलं नाव न सांगता.
नवे फोन ते आठवणीतून भरून घेतात.
तिचा फोन जुना, सरळमार्गी.

मधली फाइल खाली जोडली,
सर्व्हर पुन्हा उठवला.
चहावर साय धरली होती.

'उघडनं, भाऊ.'
मग जरा थांबून,
'माले आकडा येतस, अक्षर नही.
तू सांग ना, काय लिखेल शे?'

सकाळभर खपलो ते एवढ्याचसाठी
की तिच्या आणि त्या कागदाच्या मध्ये
कुणी असू नये.

वाचलं मी. आधी मनात,
मग मोठ्यानं, आकड्यांपाशी थांबत,
म्हणजे तिला बोट ठेवता यावं.
उद्याच डॉक्टरांना दाखवा, म्हटलं.
हा, म्हणाली.
काय होतं ते इथं लिहीत नाही.

पुढची तारीख ऑगस्टात.
भिंतीवर लिहून ठेवलीय.
ऐंशी नंबरचं दार उघडंच आहे.